पूजेला बसवलेला सर्व्हर

कोल्हापुरात चार वर्षं झाली तरी कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमध्ये मी पावणंच होतो. हा शब्द इथं आदरानं वापरतात, हे मला कुणी शिकवू नये. आमच्या लॅबमध्ये कसा वापरायचे ते मी ऐकलंय. मी भंडाऱ्याकडचा, आठवीनंतर शाळा सोडलेला. बोलताना मागं ‘जी’ लागतोच. आमचे साहेब, म्हणजे हेड टेक्निशियन, डिप्लोमावाले. मी तोंड उघडायच्या आत ते ओरडायचे, “आलं बघा जी!” आणि सगळे हसायचे. क्लासच्या मालकांनी मात्र दाखला न बघता मला ठेवलं, काम शिकू दिलं. ते मी विसरलेलो नाही.

लॅबमधल्या तीस मशीनना स्वतःची डिस्क नव्हती. बटण दाबलं की मशीन वायरीतून आतल्या खोलीतल्या सर्व्हरकडं जायची, आणि तिथल्या डिस्कवर तिच्यासाठी पाडलेल्या हिश्श्यातून, म्हणजे व्हॉल्यूममधून, चालू व्हायची. ती डिस्क भरत आली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. मालकांनी नवी डिस्क हातात दिली. “तिसाच्या तीस व्हॉल्यूम हिच्यावर तयार कर. जुनी कोरी कर, दुसऱ्या शाखेला द्यायची हाय. परीक्षेला मशीन उठली न्हाईत तर गावाकडची गाडी धर.”

मी जुनी काढली, नवी बसवली, तीस हिस्से पाडले आणि वेगळ्या ठेवलेल्या मूळ कॉपीवरून एकेक भरायला लावला. “जुनी पुसली का?” असं मालकांनी विचारलं, तेव्हा ‘हो जी’ म्हणालो. पुसली नव्हती. नवीवरून मशीन उठलेली बघितल्याशिवाय माझा हातच धजेना. कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

खंडेनवमीला सकाळी तिसातले अकरा व्हॉल्यूम भरून झाले होते, बारावा चालू होता. तेवढ्यात साहेब हळद-कुंकू, झेंडूच्या माळा घेऊन आले. सगळ्या मशीन फडक्यानं पुसून बंद केल्या आणि सर्व्हरकडं वळले.

“साहेब, कॉपी चालू आहे. संध्याकाळपर्यंत राहू द्या जी.”

“खंडेनवमीला यंत्र चालू ठेवायचं असतं व्हय? तुझ्या गावात न्हाय वाटतं देव?”

“अर्धवट राहिलं तर परीक्षेला...”

“देव मोठा का तुझी डिस्क, पावणं?”

आणि त्यांनी बटण दाबून धरलं. पंखा थांबला. वर माळ चढली, मालकांनी येऊन नारळ फोडला. पूजेतलं यंत्र दसरा होईपर्यंत हलवायचं नाही म्हणून साहेबांनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात. मी प्रसाद खाल्ला.

परीक्षेच्या सकाळी साहेबांनी कुलूप काढलं, सर्व्हर चालू केला. तिसातल्या अकराच मशीन उठल्या. एकोणीस काळ्या पडद्यावर तशाच. बाहेर पोरं पायऱ्यांवर बसलेली.

“ह्यानं वाटोळं केलं की मालक! आठवी नापासाच्या हातात सर्व्हर दिल्यावर काय हुणार?” साहेब ओरडले.

मी आठवी पास आहे. पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. कपाटातली डिस्क आणून मी सर्व्हर उघडला.

मालक म्हणाले, “ही कुठली?”

“जुनी.”

“पुसली म्हणालास की.”

“खोटं बोललो.”

डिस्क बदलली. मशीन रडतखडत का होईना, तिसाच्या तीस उठल्या. पोरं आत आली.

साहेब दारातच होते. “बघा, तोंडावर खोटं बोलतंय. ह्याला ठेवणार हाय का अजून?”

“सर्व्हर बंद कुणी केला, तेपण सांगा,” मी म्हणालो.

“पूजेला मालकच हुतं की!”

मालक दोघांकडंही बघेनात. नारळ त्यांनीच फोडला होता. मला म्हणाले, “परीक्षा संपली की नवी परत भर. आन् पुसली न्हाय तर न्हाय म्हणायचं. हाकलत न्हाय तुला.”

मी त्यांच्या पाया पडलो. साहेबांच्या नाही.

दुपारी पोरं गेल्यावर नवी डिस्क बसवून बाराव्यापासून सुरुवात केली. साहेब आत डोकावले. “किती टाइम लागंल?”

“दार लावून घ्या. आणि बटणाला हात लावायचा नाही.”

“लई शाना झालाईस,” म्हणत त्यांनी दार आपटलं.

मी उठून आतून कडी घातली.