दादाने आटोपशीर केलेले फोटो

आमचा दादा तीस वर्षं औषधांच्या गोदामात माल रचत होता. वीतभर जागा मोकळी दिसली की त्याचा जीव खालीवर व्हायचा. निवृत्त झाला आणि ही खोड घरी घेऊन आला. वहिनीचं कपाट त्याने तीनदा लावलं. चौथ्यांदा तिने त्याला हाकलून दिलं. मग स्वारी कॉम्प्युटरला चिकटली.

फोटो लहान करायचं फुकटचं सॉफ्टवेअर मीच त्याला टाकून दिलं. शेजारणीच्या अर्जासाठी फोटो पन्नास केबीत बसवायचा होता. बसला! तेव्हापासून गल्लीतले सगळे अर्जवाले त्याच्या दारात. मी त्याला 'आखूडशेठ' म्हणायचो. त्यालाही ते आवडायचं.

एकदा कॉम्प्युटरने जागा संपल्याची कुरकुर केली. दादाने घरातले सगळे फोटो निवडले, रुंदी दोनशे पिक्सेल टाकली आणि त्याच नावाने सेव्ह करून टाकले. "चार हजार फोटो, आता कोपऱ्यात मावतात!" त्याने मला फोनवर सांगितलं. मी शाबास म्हणालो. मूळ फोटो वेगळे ठेवलेस ना, एवढं विचारायला माझं काय जात होतं?

त्या चार हजारांत दादा-वहिनीची मुलगी होती. एकुलती एक. बाविसाव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली.

पुढे वहिनीची नजर अधू होत चालली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हळूहळू सगळंच जाईल, बघायचं ते मोठं करून बघा.

"अहो, पोरीचा चेहरा मोठा करून द्या ना," वहिनी म्हणाली. "दिसतंय तोवर डोळे भरून बघून घेते."

दादा लगेच बसला. मी शेजारीच होतो. दोनशेच्या जागी त्याने दोन हजार टाकले आणि पडद्यावर नुसते चौकोन आले. दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे तेच.

"घडीच घातली होती ना रे मी?" तो मला म्हणाला. "मग उलगडत का नाही?"

"दादा, घडी नव्हती ती. जे काढून टाकलं ते गेलं."

तरी त्याने चौथा फोटो उघडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातेवाइकांना विचारून झालं. त्यांच्याकडे दादानेच पाठवलेले होते, तेही आटोपशीर करून.

शेवटी त्यातल्या त्यात बरा एक फोटो त्याने मोठ्या कागदावर छापून आणला. वहिनी खिडकीशी गेली, कागद नाकाशी धरला, बोटाने चाचपत राहिली.

"आली हो," ती म्हणाली. "हनुवटीवरचा तीळसुद्धा आलाय बघा."

"हो, आलाय," दादा म्हणाला.

मी तिच्या मागेच उभा होतो. हनुवटीच्या जागी एकच चौकोन होता, सबंध एका रंगाचा.