सोमवारी औंध, गुरुवारी पुन्हा औंध

आमच्या गल्लीत सोमवार म्हणजे सोमवार. बाजार बंद, शटर खाली. लग्न ठरवणं, दवाखाना, सहल, राहिलेली भांडणं, सगळं त्याच दिवशी उरकायचं. माझं साड्यांचं दुकान, समोर आप्पांचं चपलांचं, शेजारी दत्ताभाऊंचं भांड्यांचं. त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या औंधला जायचं ठरलं तेव्हा वार कुठला, हे कुणी विचारलंच नाही.

ठरलं ते दत्ताभाऊंसाठी. शाळेत असताना ते चित्रकलेच्या परीक्षा देत होते. मग वडील गेले आणि ते गल्ल्यावर बसले. औंधच्या टेकडीवरच्या संग्रहालयातलं एका बाईचं तैलचित्र त्यांनी पोरवयात कॅलेंडरवर बघून कितीदा तरी काढलं होतं. मूळ चित्र बघायचं मात्र "जाऊ की कवातरी" म्हणत राहूनच गेलं. आता काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं मिटत चालली आहे. गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हे सांगताना त्यांच्या बायकोच्या, मंगलवैनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तिथल्या तिथं गल्लीतल्या दुकानदारांसाठी मिनीबस ठरवून टाकली.

सकाळी लवकर निघालो. हायवेची कामं चालू आहेत, तेव्हा जाणाऱ्यांनी हाताशी वेळ ठेवावा. कराडात नाश्ता केला. कोल्हापूरकरानं गाव सोडल्यावर मिसळ मागवू नये, हे माहीत असून आम्ही मागवली आणि पुढचा तासभर तिला नावं ठेवली. कराडहून मसूर, पुसेसावळीवरून औंध गाठायचं. रस्ता बरा आहे. टेकडीवर गाडी जाते, पण पायऱ्यांनी चढणार असाल तर टोपी आणि पाणी विसरू नका.

संग्रहालयाचं फाटक बंद होतं. पहारेकरी शांतपणे म्हणाला, "आज सोमवार. सुट्टी असती."

"सोमवारी?" आप्पा ओरडले. "अवो, आमच्याकडंबी सोमवारी बंदच असतंय, म्हणून तर आलोय की!"

"मग तुमास्नी कळाय पायजे व्हतं," तो म्हणाला. संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे निघण्याआधी बघून घ्या. आम्हा दुकानदारांच्या डोक्यात ते आलं नाही.

आम्ही वर यमाईच्या दर्शनाला गेलो. देवळाला किल्ल्यासारखी तटबंदी आहे, बुरुजावरून लांबलांबचा मुलूख दिसतो. दत्ताभाऊ मात्र फाटकापाशीच बसून राहिले. "ऱ्हाऊ द्या वैनी," मला म्हणाले, "न्हाय नशिबात." मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

परतताना कराड आलं तसे आप्पा म्हणाले, "गुरुवारी परत यायचं."

"आणि दुकानं?" मी विचारलं.

"बंद."

सोमवार सोडून आमच्या गल्लीतली शटरं एकदम खाली येतात ती फक्त गल्लीत मयत झाली तर. तरीही कुणी नाही म्हटलं नाही.

गुरुवारी फाटक उघडं होतं. तिकीट अगदी मामुली आहे. आत चंदनावरचं कोरीवकाम, लघुचित्रं, पुतळे, घाई केलीत तर पस्तावाल. आम्ही मात्र आधी थेट त्या चित्रापुढे गेलो.

दत्ताभाऊंना ते एकदम पूर्ण दिसेना. ते चेहऱ्यापाशी थांबले, मग मान वळवून हातापाशी, मग पदरापाशी. "मंगल, उजवीकडं कडंला काय हाय?"

"झाड हाय. काळपट हिरवं."

"कॅलेंडरात नव्हतं हे. कापलं हुतं लेकांनी." ते सरकले आणि बराच वेळ त्या झाडापुढे उभे राहिले. मग वळून म्हणाले, "हात मी बरोबर काढत हुतो वैनी. सावली चुकत हुती." आप्पा खिडकीशी जाऊन नाक शिंकरत राहिले.

तिथं किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. आधी फोन करून जा, उन्हाळा टाळा, डबा बरोबर न्या, एवढं सांगते. बाकी, कुणाला काही बघायचं राहिलं असेल तर त्याला घेऊन जा, धंद्याचं नंतर बघता येतं. हे मी, गिऱ्हाईक दारात असताना जेवायलाही न उठणारी बाई, लिहिते आहे.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उतरलो तर फुलं विकणाऱ्या शांताकाकी डोक्यावर पदर घेऊन उभ्या. सगळी शटरं बंद बघून दिवसभर त्यांच्या जिवाला घोर.

"कोण गेलं रं दत्ता?"

"कोण न्हाय गेलं काकी. आमीच गेलतो. चित्रं बघायला."

काकींनी एकेकाकडं बघून सगळे जिवंत असल्याची खात्री करून घेतली. मग कमरेवर हात ठेवले.

"मग मला का न्हाय न्हेलं?"