आणखी दहा मिनिटं

फर्गस लेयर्डला सिंगापूरच्या उन्हाने इतकं भाजून काढलं होतं, की तो स्कॉटलंडचा आहे हे आता फक्त त्याच्या इंग्रजीवरून कळायचं. तिकडे दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबात तो बचावपटू होता. नाव मोठं नव्हतं, पण पायात दम होता. सव्विसाव्या वर्षी इथल्या क्लबाने बोलावलं, एकतिसाव्या वर्षी गुडघ्याने हात टेकले आणि गडी परत गेलाच नाही. आधी खेळाडूंचा एजंट झाला, मग सिंगापुरातच बुओना व्हिस्टा भागात मुलींना फुटबॉल शिकवू लागला. ज्या मुलींना शिकवायचं त्यांचीच एजंटगिरी करू नये, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो करत राहिला.

आर्या त्याची सगळ्यात गुणी खेळाडू. नुकती अठरा पूर्ण झालेली. वडील दिलीप तुआसच्या कारखान्यांच्या भागात इंजिनिअर, मूळचे कोल्हापूरचे, म्हणजे फुटबॉल रक्तातच. ते फर्गसला 'सर' म्हणत आणि दर गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन येत. फर्गसला त्या पेढ्यांची का कोण जाणे भीती वाटायची.

शनिवारी डेन्मार्कच्या क्लबचा माणूस आर्याला बघायला येणार होता. गुरुवारी तिचा गुडघा सुजला. "एमआरआय काढल्याशिवाय खेळवू नका," फिजिओने फर्गसला बजावलं. दिलीपना मात्र त्याने अर्धंच सांगितलं.

"थोडी सूज आहे. फर्स्ट हाफ खेळू दे. दुखलं तर मी लगेच बाहेर काढीन."

"तुम्ही आहात ना सर, मग मला कसली काळजी?"

शनिवारी दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं होतं. इथे वीज जवळ आली की भोंगा वाजतो आणि मैदान रिकामं करावं लागतं. फर्गस त्या भोंग्याकडे कान लावून बसला होता. निर्णय आपल्यावर यायला नको, एवढंच त्याला हवं होतं. भोंगा काही वाजला नाही.

हाफ टाइमला आर्या लंगडत आली. "कोच, कॅनॉट लाह. नाही जमत आता. गुडघ्यात काहीतरी सरकतंय."

डेन्मार्कच्या माणसाने वहीत अजून एक ओळही लिहिली नव्हती. थांबव तिला, असं फर्गसचं मन कळवळून सांगत होतं, पण त्या लबाडाने ऐकलं नाही.

"आणखी दहा मिनिटं," तो म्हणाला. "फक्त दहा."

आर्या निमूटपणे मैदानात गेली. सातव्या मिनिटाला ती गर्रकन वळली, पाय मात्र जागीच राहिला. तिची किंकाळी गॅलरीपर्यंत ऐकू गेली.

दिलीप धावत खाली आले तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेतलं होतं. त्यांनी आधी फर्गसचे हात धरले.

"दुखलं की सरांना सांग, म्हणून किती बजावलं होतं हिला! लपवलं ना तुमच्यापासून? सांगितलं असतं तर तुम्ही खेळू दिलंच नसतं."

आर्याने मान वळवून फर्गसकडे पाहिलं.

"हो," फर्गस म्हणाला. "काहीच बोलली नाही ती."