स्लॅबपर्यंत गेलेली भिंत

समस्त सानपाडावासीयांना अत्यंत गांभीर्याने, आणि जमल्यास उभे राहून ऐकावे या विनंतीसह, कळविण्यात येते की आपल्या या उपनगरात एक भिंत आहे. तिच्या पलीकडे आजवर असंख्य मूळव्याधी, सासवा, मोडलेली लग्नं आणि चोरून ओढलेल्या विड्या बोलून झाल्या. भिंतीच्या अलीकडे त्यातलं अक्षरही आलेलं नाही. ही भिंत माझ्या दवाखान्यात आहे आणि ती उभारणारी अनघा गेल्या महिन्यात गेली. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. छोटे दवाखाने, दुकानं आतून बांधून द्यायची. त्याला कुणी ‘सजावट’ म्हटलं की हातातला टेप फेकून मारायची.

माझा दवाखाना म्हणजे सोसायटीच्या खालचा एक गाळा. पुढे पेशंटची बाकडी, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, मागे मी. कॉलेजच्या नाटकांत राजाची भूमिका माझ्यासाठी राखीव असे; पुढे डॉक्टर झालो तरी आवाजाने सिंहासन सोडलं नाही. भिंतींचा रंग उडाला म्हणून मी अनघाला बोलावलं. मला पिस्ता रंग हवा होता. तिने रंगाकडे बघितलंही नाही. दोन-तीन सकाळी नाकाला रुमाल लावून, पेशंट असल्यासारखी, बाकड्यावर बसून राहिली. मग एके दिवशी आत येऊन म्हणाली, “नाटक्या, मी बाहेर बसते. तू इथे अगदी हळू काहीतरी बोल.”

ती बाहेर गेली. मी माझ्या मते कुजबुजलो, “मला या बाईची फार भीती वाटते.”

बाहेर सगळं बाकडं हसत सुटलं. मार्केटात गोणी वाहणारे एक साताऱ्याकडचे मामा ओरडले, “डाक्टर, आमास्नी बी वाटाय लागलीया!”

अनघा मात्र हसत नव्हती. तिने विचारलं, “घणसोली गावातल्या त्या हिरव्या लुगड्यातल्या काकू... त्यांना काय झालंय?”

“अंगदुखी. सारख्या येतात, गोळ्या नेतात.”

“त्या आत गेल्या की बाकड्यावरचे सगळे गप्प होतात, माहितेय? त्यांची जाऊ तर मान वाकडी करून ऐकते. आत गेल्यावर काकू पहिल्यांदा कुठे बघतात?”

मला आठवलं. काकू पार्टिशनकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि मग म्हणायच्या, “काय नाय... अंग दुखतंय.”

पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी संपत होतं. त्याच्यावर, स्लॅबपर्यंत, नुसती पोकळी. आवाज तिथून उडी मारून पलीकडे जायचा. अनघाला तिथे स्लॅबला भिडणारी दुहेरी भिंत हवी होती, मध्ये कापसासारखं काहीतरी ठासून भरलेली. शिवाय एकामागे एक दोन दारं. त्यासाठी एक अख्खं बाकडं जाणार होतं.

“मग पेशंट काय माझ्या डोक्यावर बसवू?”

“उभे राहतील. उभं राहून कुणी मरत नाही रे. न बोलता मरतात.”

असं कुणी बोललं की मी टाळ्या घेणारं उत्तर देतो. त्या दिवशी मी तिच्या टेपचं दुसरं टोक धरलं.

काम चाललं तेव्हा ती सुताराच्या मागे पोलिसासारखी असायची. शटर ओढून, दिवे घालवून मला आत टॉर्च घेऊन उभं करायची आणि बाहेरून फटी शोधायची. जिथून उजेड गळतो तिथून आवाज गळतो, म्हणे. एक दार खालून फट राहते म्हणून तीनदा काढायला लावलं. तपासणीचं टेबल असं फिरवलं की दार उघडलं तरी झोपलेल्याचे पाय बाहेरून दिसू नयेत. पिस्ता रंग तिने शेवटपर्यंत दिला नाही.

पुढचं मी काकूंना विचारून लिहितोय. (“लिवा की. आता कसली लाज?” त्या म्हणाल्या.) दवाखाना नव्याने उघडल्यावर काकू आल्या. पहिलं दार लावलं, दुसरं लावलं, भिंतीवर हात फिरवला.

“भायेर नाय ना जात आयकू?”

“नाही.”

“छातीत गाठ हाय. लय दिस झाले... जावेला कळलं तर गावभर करंल.”

गाठ वाईटच होती, पण वेळेत निघाली. काकू आता मला सुकट आणून देतात आणि माझ्या पोटाबद्दल सल्ले. अनघाला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बघ, आणि तू पिस्ता रंग घेऊन बसला होतास.” मग पर्समधून रुमाल काढून खरंच नाक पुसलं.

ती स्वतः कशाने गेली, तेही तिने मला त्याच खोलीत सांगितलं होतं, दोन्ही दारं लावून. म्हणून ते इथे येणार नाही.

फोन आला तेव्हा दुपार होती, बाहेर गर्दी. तिचा भाऊ दोनच वाक्यं बोलला. मी फोन ठेवला आणि रडलो. आता माझं रडणं म्हणजे... राजा गेल्यावर अख्खा दरबार रडावा तसं; टेबलावर मुठी आपटून, तिचं नाव घेऊन, पोटातून. कितीतरी वेळ. मग बेसिनवर तोंड धुतलं, सुजलेल्या डोळ्यांनी आतलं दार उघडलं, मग बाहेरचं. सगळं बाकडं माझ्याकडे बघत होतं. पुढेच बसलेल्या काकू कमरेवर हात ठेवून उठल्या आणि साऱ्यांदेखत कडाडल्या,

“काय ओ डाक्टर, आमी हितं कवाधरनं बसलोय, नि तुमी आत खुशाल झोपले व्हते काय?”