सुंदराची जोडीदारीण

हडपसरच्या वस्तीत यमुनाबाई आणि सुंदराबाई यांची नावं कुणी सुटी घेत नसे. भंगारवालासुद्धा "यमुना-सुंदरा येऊन गेल्या का?" असंच विचारायचा. बहात्तरच्या दुष्काळात दोघी जालन्याकडून एकाच ट्रकमध्ये बसून आल्या होत्या, नव्या नवऱ्या म्हणून. आधी खडी फोडली. पुढे एकीचा नवरा क्षयानं गेला, दुसरीचा दारूनं. मग दोघींनी पाठीला पोतं लावलं आणि कागद, काच, पत्रा वेचायला निघाल्या. एकीनं कचराकुंडी उपसायची, दुसरीनं निवडायचं. चहा एकच, बशीत अर्धा-अर्धा.

त्यांच्या डोळ्यांदेखत उसाच्या फडांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. कुंडीतला मालही बदलला. कंप्युटरचे खोके, थर्माकोल, एका बाजूनं कोरे असलेले कागद. "काय करतात गं आत एवढी माणसं?" सुंदरा विचारायची. "कागद खराब करतात," यमुना म्हणायची.

एक दिवस त्या इमारतींत साफसफाईला बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस वस्तीत आला. दोघीही गेल्या. वैजनाथ नावाच्या त्या माणसानं सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "लिफ्टची भीती वाटते का?"

"न्हाई," सुंदरा म्हणाली.

"का, जिने बांधायचं इसरले का?" यमुना म्हणाली.

बाकीच्या बायका हसल्या, वैजनाथ हसला नाही. सुंदराला काम मिळालं. यमुनेला तिच्या जिभेनं घरी पाठवलं.

सुंदरा निळा ड्रेस, पायात बूट आणि गळ्यात फोटोचं कार्ड घालून जाऊ लागली. यमुना एकटीच पोतं घेऊन निघायची. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, आपल्याला त्या बुटांचा राग येतोय. मग वाटलं, कार्डाचा. वस्तीतल्या बायका सुंदराला थांबवून विचारायच्या, "आत गार असतं का गं?" आणि सुंदरा सांगत बसायची. यमुना नळावर हंडा इतक्या जोरानं आपटायची की बायका मागं वळून बघत.

एका दुपारी पोतं भरून परत येताना तिनं कुंपणापलीकडे पाहिलं. झाडाच्या कट्ट्यावर सुंदरा डबा खात बसली होती आणि तिच्या शेजारी विशीतली एक पोरगी. दोघींच्या मध्ये एकच डबा. पोरगी काहीतरी बोलली आणि सुंदरा तोंडावर हात ठेवून, डोळे मिटून, पुढं-मागं डुलत हसली. तसं हसणं यमुनेनं आजवर फक्त आपल्यामुळे ऐकलं होतं.

तेव्हा तिला कळलं की राग बुटांचाही नव्हता आणि कार्डाचाही नव्हता.

त्या दिवसापासून तिचा जेवणात जीव लागेना. संध्याकाळी सुंदरा आली की ती दार लोटून घ्यायची. "पायल लई गोड पोरगी हाय," सुंदरा बाहेरूनच सांगायची, "खडकीची. आपल्याच समाजाची." यमुना आतून म्हणायची, "मग तिथंच ऱ्हायला जा की खडकीला."

सुंदरानं कामावर लागताना, कचरा वेचणारीला ठेवणार नाहीत या भीतीनं, इमारतीतल्या साहेबांना आपण शाळेत खिचडी शिजवायचो असं सांगितलं होतं, हे यमुनेला ठाऊक होतं. ते तिला आता आठवू लागलं. पुन्हा पुन्हा आठवू लागलं. शेवटी एका शनिवारी, सुंदरा तापानं घरी पडलेली असताना, यमुना मुद्दाम पोतं पाठीवर घेऊन कामावरून सुटणाऱ्या बायकांच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. पायल आली. यमुना तिच्या अगदी समोर गेली.

"तू पायल ना? तुझी ती सुंदरामावशी खिचडी-बिचडी कधी शिजवत नव्हती. हे असलं पोतं घेऊन कुंड्या उपसायची. माझ्याबरोबर. समजलं?"

पायलनं पोत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माहितेय मला. माझी आई पण वेचते, खडकी बाजारात. पहिल्याच दिवशी मावशींना मी हे सांगितलं, मग त्यांनी पण सांगितलं." आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तुम्ही यमुनामावशी? अय्या! त्यांच्या प्रत्येक गोष्टीत तुम्ही असता. तो कुंडीत केसांचा टोप सापडला होता, आणि मावशी तो घालून भंगारवाल्याकडे गेल्या, आणि तो म्हणाला, या बाईसाहेब—"

"कोण घालून गेलं?"

"सुंदरामावशी."

यमुनेच्या पाठीवरून पोतं खाली आलं. मघाशी जे काही लाजल्यासारखं वाटू लागलं होतं, ते तिथंच करपलं. ती तडक घरी आली आणि सुंदराच्या अंगावरची गोधडी ओढली.

"टोप कुणी घातला होता? खरं बोल!"

तापलेल्या डोळ्यांनी सुंदरा बघतच राहिली. "कसला टोप?"

"माझ्या डोक्यावर होता तो! माझ्या! त्या पोरीला माझी गोष्ट तू सोताच्या नावानं ईकली?"

"तू पायलला भेटलीस? कशाला?"

 लपवण्यासारखं तोंड यमुनेला देवानं दिलंच नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं. बसथांबा, पोतं, खिचडी. सुंदरा भिंतीला टेकून ऐकत होती.

"माझं काम गेलं असतं, यमुने."

"जायलाच पायजे होतं."

"का?"

"तू तिच्यासंगं हसतीस," यमुना म्हणाली.

सुंदरानं गोधडी तोंडावर ओढून घेतली. त्यानंतर तीन आठवडे ती यमुनेशी बोलली नाही. ते यमुनेनं निमूट सोसलं. मग एका रविवारी सुंदरा तिच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "टोप तुझाच होता. पण सांगताना मला वाटलं, एकदा तरी आपण घालून बघावा. सगळी गंमत तूच करायचीस. मी नुसती शेजारी उभी असायची." यमुनेला हे नवीन होतं. इतकी वर्षं आपला कुणी हेवा करत असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं चहा टाकला.

पुढं घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम सुरू झालं तेव्हा यमुनेला एका मोठ्या सोसायटीत ढकलगाडी मिळाली. सुंदरा काचेच्या इमारतीतच राहिली, आणि पायलही. यमुनेचा राग मावळला नाही. तो फक्त रविवार सोडून बाकीच्या दिवसांत राहू लागला.

खडकीच्या विहारात पायलचं लग्न लागलं, तेव्हा दोघींना बोलावणं होतं. पायल सुंदराच्या पाया पडली, मग यमुनेच्या.

"मी दुसरी व्हय?" यमुनेनं आशीर्वाद द्यायच्या आधी विचारलं.

"मावशी, तुम्ही सीनियर आहात. शेवटी ठेवलंय."

फोटोसाठी सगळे उभे राहिले. पायलनं सुंदराला जवळ ओढलं, तशी यमुना मधल्या फटीत शिरली आणि आपली जागा करून घेतली. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा." ती हसली नाही. सुंदराच्या कानाशी जाऊन म्हणाली, "बरं झालं, पोरीला नवरा मिळाला. आता डबा कुणासंगं खाशील?"

सुंदरा तोंडावर हात ठेवून डुलायला लागली, आणि फोटो हलला.