ऑर्गनमधला दिवा

खालापूरच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी रांगेत उभा होतो, तेव्हा कर्जतहून आलेल्या टेंपोवाल्याने सांगितलं, "मास्तर, तुमचा पास्कल गेला." तुमचा म्हणाला, कारण पास्कलला कर्जतमध्ये दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

घाटात गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांवर जी ख्रिस्ती माणसं नोकरीला आली, त्यांनी कर्जत स्टेशनापलीकडे एक पत्र्याचं चर्च बांधलं. मुंबईतल्या कुठल्याशा मोठ्या चर्चने टाकून दिलेला, पायाने भाता मारायचा ऑर्गन मालडब्यातून आला. पन्नासच्या दशकात मी इथल्या शाळेत लागलो, तेव्हा रविवारी बाक भरलेले असत. मग कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त होऊन गोव्याला गेलं, आणि पुढे फादरही महिन्यातून एकदाच येऊ लागले. पास्कल फिटर मात्र दर रविवारी नऊला वाजवायचा. एकदा म्हणाला, "रिकाम्या बाकांपुढे हात चालत नाहीत. तू येऊन बस." मी म्हटलं, "माझा देवावर विश्वास नाही रे." "मी कुठं विचारलं? झोप लागली तरी चालेल. आमच्यातले पण झोपायचे." असा मी बारा वर्षं तिसऱ्या बाकावर बसलो. झोपलो दोनदाच.

पावसाळ्यात मात्र वाजवणं बंद. दमट हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, म्हणून जूनपासून दिवाळीपर्यंत तो ऑर्गनच्या पोटात उबेसाठी चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवी, रात्रंदिवस. त्या महिन्यांत आम्ही नुसतेच बसायचो, फटीतून येणारा पिवळा उजेड बघत… यंदा अंथरुणाला खिळल्यावर तो एवढंच म्हणाला, "मास्तर, बल्ब बघ हां." "बघतो," म्हटलं.

अंत्यविधीला मुंबईहून दूरच्या नात्यातली बरीच मंडळी आली. येताना बॅटरीवर चालणारा कीबोर्ड घेऊन आली. ज्यांनी पास्कलला कधी वाजवताना ऐकलं नव्हतं, ते त्याच्या संगीतसाधनेवर बोलले. एकाने पावसात भिजलेलं भलंमोठं पुष्पचक्र ऑर्गनच्या झाकणावर आदराने ठेवलं. तिसरं भाषण सुरू झालं तसा मी उठून घरी आलो. भाषणांचा मला पहिल्यापासून तिटकारा. त्या दिवशी या तिटकाऱ्याचा थोडा अभिमानही वाटला. त्यानंतर तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. ते रिकामं स्टूल बघायची हिंमत होत नव्हती.

गेलो तेव्हा पुष्पचक्र झाकणावरच कुजलेलं, आणि ऑर्गनच्या पोटात अंधार. झाडलोट करणाऱ्या हौसाबाईला विचारलं.

"पावण्यांनी जाताना बटनं बंद केली. म्हनाले, फुकट कशाला जाळताय."

"मग तू लावायचास ना गं?"

"मला वाटलं तुमी याल. तुमालाच सांगितलं व्हतं ना त्यांनी?"

पुष्पचक्र उचलून बाहेर टाकलं, झाकण पुसलं, बल्ब लावला.

आता दर रविवारी नऊला जातो. गेल्या रविवारी एक पट्टी दाबून पाहिली. खाली गेली ती वर आलीच नाही. पास्कल करायचा तशी बोटाने उचलून जागेवर आणली आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो. दिवाळीपर्यंत कदाचित सुटतीलही पट्ट्या. मला वाजवता येत नाही… नऊ वाजून बराच वेळ गेल्यावर हौसाबाई दारातून म्हणाली, "मास्तर, कडी लावू का?"

"लाव," म्हटलं. "दिवा राहू दे."