बोटाने दाखवलेला रंग

बालविभागातल्या त्या ज्येष्ठ परिचारिकेला सगळे पाठीमागे ‘एरंडेल’ म्हणत. तीस वर्षांच्या नोकरीत ती कोणाशी गोड बोलल्याचे कोणाला आठवत नसे. नातेवाइकांना ती शत्रुपक्ष मानी, आणि तेही तिचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नसत. घरची माणसे मुलाच्या दुखण्याबाबत आधी स्वतःची समजूत घालून घेतात आणि मग तीच डॉक्टरांच्या गळी उतरवतात, असे तिचे ठाम मत होते.

त्या सकाळी तपासणीच्या खोलीत आठ दिवसांची मुलगी आली. सोबत आई आणि आजी. आई पांढरीफटक, बाकाच्या कडेला टेकलेली. बोलत होती ती आजी.

“पहाटेपासून तीन उलट्या. पण काळजीचं नाही हो, पित्त पडलं. आता मोकळी झालीय. बघा कशी गप्प पडलीय.”

नव्या डॉक्टरने पोट चाचपले. मऊ लागले. ‘दूध थोडे थोडे पाजावे’ असे लिहून त्याने पुढच्या कागदाकडे हात नेला.

“उलटीचं फडकं दाखवा,” एरंडेल म्हणाली.

“धुतलं की. घाणेरडं पोर दवाखान्यात आणायची पद्धत नाही आमच्याकडे.”

“पद्धत तुमची राहिली, पुरावा आमचा गेला. रंग कसला होता?”

“पिवळा. पित्ताचा असतो तोच.”

“आता हिच्या आईला सांगू द्या.”

“तिला काय कळतंय? पहिलंच आहे तिचं.”

“आजीबाई, बाहेर.”

“मला म्हणताय?”

“तुम्हालाच. आणि दार ओढून घ्या.”

“सिस्टर, जरा सबुरीनं,” डॉक्टर पुटपुटला.

“सबुरी या पोरीला परवडत नाही, साहेब.”

दार आपटले. पित्त पिवळे असते हे घराने एकदा ठरवले की हिरवी उलटीही पिवळीच सांगितली जाते. म्हणून एरंडेलने आईला रंगाचे नाव विचारले नाही.

“या खोलीत तो रंग कुठे आहे? बोट दाखव.”

आईने बंद दाराकडे पाहिले. मग तिचे बोट तपासणीच्या पडद्याकडे वळले. पडदा गडद हिरवा होता.

“पण पोट मऊ आहे,” डॉक्टर म्हणाला.

“हिरवी उलटी म्हणजे आतड्याची वाट अडलीय. आतड्याला पीळ पडला तरी पहिले काही तास पोट मऊच लागतं. कडक व्हायची वाट पाहिलीत तर आतडं कापून टाकण्यापलीकडे काही उरणार नाही.”

तिने दूध बंद केले, नाकातून पोटात बारीक नळी घातली आणि सिरिंज ओढली. हिरवा द्रव वर आला. डॉक्टरने लिहिलेली ओळ खोडली आणि स्वतःच शल्यचिकित्सकांना फोन लावला. सलाईन सुरू झाले आणि तासाभरात मुलगी शस्त्रक्रियागृहात गेली. आतडे स्वतःभोवतीच वळून जांभळे पडले होते. पीळ सोडवल्यावर त्यात पुन्हा गुलाबीपणा आला. काही कापावे लागले नाही.

आजीने त्याच दुपारी लेखी तक्रार दिली: उद्धट वर्तन, वयाचा अपमान. दोन्ही आरोप खरे होते आणि एरंडेलने ते लेखी मान्य केले. माफी मात्र मागितली नाही.

तिसऱ्या दिवशी ती खाटेपाशी आली तेव्हा आजी आडवी उभी होती.

“तुम्ही हात लावायचा नाही माझ्या नातीला.”

“बरं. मग नाकातली नळी तुम्ही काढता?”

आजी एक पाऊल बाजूला सरकली. दुसरे सरकली नाही. तेवढ्या अरुंद जागेतून हात घालून एरंडेलने नळी काढली, आणि दोघींनीही एकमेकींकडे पाहिले नाही.